पांढरे ते सगळे दूध नव्हे

कन्नडात एक म्हण आहे, 'बेळ्ळगिरोदेल्ला हालल्ल'. पांढरे दिसते ते सगळेच दूध नसते. आपल्या मराठीत म्हणतात, दुधाने तोंड पोळले की माणूस ताकही फुंकून पितो. या दोन म्हणींच्या कात्रीत आमच्या घरातले एक तान्हे बाळ गेल्या वर्षी अडीच महिने सापडले होते. त्याची हकीकत सांगावी, कारण अशी बाळे आता घरोघरी दिसू लागली आहेत आणि त्यांच्या आयांच्या हातात त्याच प्रकारचे रिपोर्टही.

माझा धाकटा भाऊ बेळगावातच राहतो. भावजय धारवाडची. त्यांच्या मुलाला आमची आई 'सोन्या' म्हणते आणि धारवाडच्या अज्जी 'पुट्टा' म्हणतात. तो दोन्ही हाकांना सारखाच हसतो. फरक स्वयंपाकघरात. आमच्याकडे अंडी-मासळी चालते, धारवाडकडे पूर्ण शाकाहार. बाळाला दहावा महिना लागला आणि भावाने एका रविवारी त्याला उकडलेल्या अंड्याचे दोन घास भरवले. दहा मिनिटांत तोंडाभोवती लाल चट्टे उठले, मग पोटावर आणि पाठीवर गांधी. श्वासाला काही झाले नाही, पण घरातल्या सगळ्यांचा श्वास तेवढा वेळ अडकला होता. दवाखान्यात औषध दिले, तासा-दोन तासांत अंग निवळले.

इथपर्यंत सगळे सरळ होते. बाळाला अंडे बाधले, अंडे बंद. पण बाळाच्या गालांवर आणि कोपराच्या खोबणीत तिसऱ्या महिन्यापासून इसब होते. कुणीतरी सुचवले की एकदा 'पूर्ण अ‍ॅलर्जी टेस्ट' करून घ्या, म्हणजे काय काय बाधते ते एकदमच कळेल. रक्त घेणारा घरी आला. चार दिवसांनी रिपोर्ट आला. छत्तीस पदार्थांची यादी आणि त्यांतल्या नऊ नावांपुढे 'पॉझिटिव्ह'. अंडे, दूध, गहू, शेंगदाणा, तूरडाळ, हरभरा, तीळ, खोबरे आणि कोळंबी! कोळंबी त्या बाळाने जन्मात पाहिलेली नव्हती.

भावजयीचा मला फोन आला, "अक्का, आता ह्याला काय घालू?" तिचा प्रश्न अगदी खरा होता. दही-भात, वरण-भात, गव्हाची खीर, नाचणीचे सत्त्व एवढे तर ते बाळ खात होते आणि निम्म्याहून अधिक पदार्थांवर आता फुली बसली होती. बाळ अंगावर पीत होते, म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून तिने स्वतःही दूध, दही, डाळ, चपाती, शेंगा चटणी सोडली. कन्नडात दुधाला 'हालु' म्हणतात. आमच्या घरी त्या हालूवरून मराठी हाल सुरू झाले. जुलैत बाळाचा पहिला वाढदिवस झाला, पण बेळगावचा कुंदा घरात आला नाही. अकराव्या महिन्यात आठ किलो सहाशे असलेले वजन तेराव्या महिन्यात आठ किलो पाचशे भरले. डॉक्टरांच्या तक्त्यावर वर चढत जाणारी रेघ आडवी झाली.

त्यात दोन घरांची कुरबुर. धारवाडकर म्हणायचे, अंडे भरवलेत म्हणून हे सगळे सुरू झाले. आमची आई म्हणायची, आमची मुले अंडी खाऊनच वाढली. नागपंचमीला भावजय माहेरी गेली. तिकडे पंचमीला शेंगा उंडी, एळ्ळु उंडी, नागाला दूध. अज्जींनी नागाला दूध वाहिले आणि नातवाकडे बघून म्हणाल्या, "नागप्पग हालु नडीतैति, नन्न मोम्मगग नडियंगिल्लेनु?" नागाला दूध चालते आणि माझ्या नातवाला चालत नाही? भावजयीने हे मला फोनवर सांगितले आणि ती रडली. त्या रात्री मी तो रिपोर्ट मागवून घेतला.

मी डॉक्टर नाही. अर्थशास्त्र शिकवते आणि त्यातला संख्याशास्त्राचा पेपर बरीच वर्षे माझ्याकडे आहे. पण रिपोर्ट बघताना पहिला प्रश्न मनात आला तो वर्गातलाच होता. ही चाचणी नक्की काय मोजते? आणि आपण तिला काय विचारतो आहोत?

'अ‍ॅलर्जी' हा शब्द मराठी-कन्नड दोन्ही घरांत आता सारखाच रुळला आहे. तो १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडवला, आणि ते बालरोगतज्ज्ञच होते. अंगावर लगेच गांधी उठवणाऱ्या अ‍ॅलर्जीमागे रक्तातले 'आयजीई' नावाचे प्रतिद्रव्य असते, हा शोध १९६६-६७ च्या सुमारास लागला. अमेरिकेत काम करणारे इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिक यांनी तो स्वतंत्रपणे लावला. आजच्या दोन्ही प्रमुख चाचण्या या आयजीईचाच माग काढतात. एक रक्ताची. दुसरी त्वचेची. हातावर किंवा पाठीवर त्या पदार्थाच्या अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी उठलेली गांधी मोजतात. साध्या मिठाच्या पाण्याच्या टोचणीपेक्षा ती तीन मिलिमीटरने मोठी असली, तर पॉझिटिव्ह.

म्हणजे चाचणी सांगते ते एवढेच, की या शरीराने या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार केले आहे. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होईलच, असे ती सांगत नाही. पोलिसांच्या वहीत नाव असणे आणि गुन्हा सिद्ध होणे या दोन गोष्टींत जेवढे अंतर आहे तेवढेच इथे आहे. वैद्यकात पहिल्या अवस्थेला 'सेन्सिटायझेशन' म्हणतात. अ‍ॅलर्जी ठरायला प्रत्यक्ष लक्षणे लागतात.

हे अंतर किती मोठे असू शकते याचा दाखला आपल्या कर्नाटकातच आहे. युरोपातील एका मोठ्या प्रकल्पाशी जोडलेली पाहणी आपल्या राज्यातील प्रौढांमध्ये झाली आणि २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यात कोणत्या ना कोणत्या खाद्यपदार्थाविरुद्ध आयजीई असलेले लोक २६.५ टक्के निघाले. लक्षणे आणि चाचणी दोन्ही जुळणारे, म्हणजे खरी अ‍ॅलर्जी असण्याची शक्यता असलेले, फक्त १.२ टक्के. आपल्या भागातल्या शंभर माणसांचे रक्त तपासले, तर सव्वीसांच्या रिपोर्टवर काही ना काही छापून येईल आणि त्यांतल्या पंचवीसजणांना तो पदार्थ निमूटपणे पचत असेल!

आता थोडा हिशोब करू. पुढचे आकडे फळ्यावरचे आहेत, मुद्दा समजावा म्हणून मी धरलेले. समजा, एक हजार बाळे आहेत, कुणालाच दुधाने कधी त्रास झालेला नाही, आणि सगळ्यांची दुधाची चाचणी केली. त्यांत खरी अ‍ॅलर्जी असलेली वीस. चाचणी चांगली आहे, वीसपैकी अठरा पकडते. उरलेल्या ९८० निरोगी बाळांपैकी ती पंधरा टक्क्यांना उगाच पॉझिटिव्ह ठरवते, म्हणजे १४७ बाळांना. एकूण पॉझिटिव्ह रिपोर्ट १६५ आणि त्यांतले खरे १८. नऊ आयांपैकी आठजणी विनाकारण दूध बंद करणार.

आता तीच चाचणी दुसऱ्या हजार बाळांवर करा. ही अशी बाळे की ज्यांना दूध प्याल्यावर काही मिनिटांत गांधी उठल्या होत्या. त्यांत समजा पाचशेंना खरी अ‍ॅलर्जी आहे. चाचणी ४५० पकडते आणि उरलेल्या पाचशेंतल्या ७५ जणांना उगाच पॉझिटिव्ह दाखवते. ५२५ पैकी ४५० खरे! चाचणी तीच, प्रयोगशाळा तीच, सुईही तीच. बदलले ते चाचणीआधीचे कारण. म्हणून 'ही चाचणी किती विश्वासार्ह?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. ज्या पदार्थाचा संशय आहे त्याची चाचणी केली तर ती बरेच काही सांगते. छत्तीस पदार्थांवर जाळे फेकले तर जाळ्यात कचराच जास्त येतो.

याउलट रिपोर्ट निगेटिव्ह असेल तर? वरच्या पहिल्या हिशोबात निगेटिव्ह ८३५ बाळांपैकी अ‍ॅलर्जी असलेली फक्त दोन निसटली. लगेच उठणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या बाबतीत खऱ्या जगातही असेच चित्र आहे. निगेटिव्ह निकाल पॉझिटिव्हपेक्षा पुष्कळ भरवशाचा असतो. मात्र बाळाला प्रत्यक्ष त्रास झालेला असेल, तर निगेटिव्ह कागद दाखवून तो विषय मिटत नाही.

फार लहान बाळांच्या बाबतीत आणखी काही गोष्टी आहेत. 'दोन वर्षांच्या आत ही चाचणी करताच येत नाही' असे आपल्याकडे सर्रास सांगतात. ते खरे नाही. ती कोणत्याही वयात करता येते, पण तिचे वाचन वेगळे असते. तान्ह्या बाळाची त्वचा कमी प्रतिसाद देते, गांधी लहान उठतात. म्हणून हिस्टामिनचा एक थेंब टोचून त्वचा जागी आहे की नाही ते आधी बघावे लागते. हिस्टामिनलाच गांधी उठली नाही तर बाकीच्या निकालांना अर्थ नाही. सर्दी-खाजेची अँटिहिस्टामिन औषधे चालू असली तरी असेच होते, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस आधी थांबवतात. रक्ताच्या चाचणीला ती अडचण नाही.

मेलबर्नच्या डॉक्टरांनी २००० साली एक उपयुक्त माहिती प्रसिद्ध केली. गांधी किती मोठी असली की तो पदार्थ खाऊन खरोखर त्रास होतोच, हे त्यांनी त्यांच्या दवाखान्यातल्या मुलांत तपासले. मोठ्या मुलांत दुधासाठी ती मर्यादा आठ मिलिमीटर निघाली, दोन वर्षांखालच्या बाळांत सहा. अंड्यासाठी सात आणि पाच, शेंगदाण्यासाठी आठ आणि चार. हे आकडे त्या दवाखान्यातल्या मुलांचे आहेत, ते जसेच्या तसे बेळगावच्या बाळाला लावायचे नाहीत. पण दोन गोष्टी त्यांतून कळतात. वयाप्रमाणे निकालाचा अर्थ बदलतो, आणि तीन मिलिमीटरपासून या मर्यादेपर्यंत मोठा संशयाचा पट्टा आहे. बहुतेक बाळे त्याच पट्ट्यात असतात.

दुसरी गोष्ट इसबाची. इसब असलेल्या बाळांच्या रक्तात आयजीई मुळातच भरपूर असते, त्यामुळे रिपोर्टवर नावांची रांग लागते. अमेरिकेत डेन्व्हरच्या एका नामवंत संस्थेतील १२५ मुलांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. बहुतेकांना इसब होते आणि अनेक पदार्थ मुख्यतः रक्ताच्या चाचणीवरून बंद केलेले होते. त्या मुलांना डॉक्टरांच्या नजरेखाली ते पदार्थ खायला देऊन पाहिले. अशा ३६४ परीक्षांपैकी ३२५ वेळा काहीही झाले नाही. म्हणजे दहांपैकी जवळजवळ नऊ पदार्थ मुलांच्या ताटातून उगाच गेले होते. आपल्याकडे यालाच साप समजून भुई धोपटणे म्हणतात.

आणि ती कोळंबी? तिचेही कोडे सुटले. घरातल्या धुळीत राहणाऱ्या सूक्ष्म किड्यांच्या अंगात एक प्रथिन असते आणि तसलेच प्रथिन कोळंबीच्या अंगात. धुळीच्या किड्याविरुद्ध तयार झालेले आयजीई प्रयोगशाळेत कोळंबीलाही चिकटू शकते. शेंगदाणा, तूर आणि हरभरा हेही एकाच शेंगकुळातले भाऊबंद. एकाचे नाव निघाले की दुसऱ्याचेही निघते, पण खाऊन त्रास सगळ्यांचा होतोच असे नाही.

रिपोर्टवरच्या आकड्याबद्दलही गैरसमज फार. आकडा मोठा म्हणजे अ‍ॅलर्जी 'भयंकर', असा अर्थ आपण लावतो. आकडा वाढतो तशी अ‍ॅलर्जी खरी असण्याची शक्यता वाढते. त्रास किती तीव्र होईल हे त्यावरून कळत नाही.

शिवाय काही आजार या चाचणीच्या कक्षेतच येत नाहीत. काही तान्ह्या बाळांना दुधामुळे शौचावाटे रक्त पडते, काहींना विशिष्ट पदार्थ खाल्ल्यावर दोन-चार तासांनी उलट्यांवर उलट्या होतात. हे खरे आजार आहेत, पण त्यात आयजीईचा हात नसल्याने रिपोर्ट बहुधा निगेटिव्ह येतो. दुधातली साखर न पचणे ही आणखी वेगळी गोष्ट, ती अ‍ॅलर्जीच नव्हे. धूळ-परागांच्या अ‍ॅलर्जीला तर तयार व्हायलाच काही ऋतू जावे लागतात. त्यामुळे वर्षाच्या बाळाचा आजचा निगेटिव्ह रिपोर्ट पाचव्या वर्षी चालत नाही. या वयातली छातीतली घरघर बहुतेक वेळा विषाणूंच्या सर्दीची असते.

आणि 'आयजीजी' नावाने विकल्या जाणाऱ्या, शंभर-दोनशे पदार्थ तपासणाऱ्या महागड्या चाचण्या? नावात एका अक्षराचा फरक, अर्थात जमीन-अस्मानाचा. आयजीजी हे ते अन्न शरीराच्या ओळखीचे असल्याचे लक्षण आहे. युरोपातील अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ सालीच या चाचण्या अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी वापरू नयेत असे सांगितले आहे. केसांवरून अ‍ॅलर्जी सांगणाऱ्यांबद्दल तर न बोललेलेच बरे.

एवढे वाचल्यावर मी भावाला म्हटले, आपल्या बालरोगतज्ज्ञांना विचारून अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडे जाऊ. त्यांनी चिठ्ठी दिली. सप्टेंबरात मोठ्या शहरातल्या इस्पितळात गेलो. मला वाटले होते, गेल्याबरोबर सुया बाहेर निघतील. त्या डॉक्टरबाईंनी रिपोर्ट हातात घेतला, उलटा करून टेबलावर ठेवला आणि अर्धा तास नुसते प्रश्न विचारले. रिपोर्टच्या आधी बाळ दही खात होते का? किती दिवस? त्यानंतर कधी गांधी, उलटी, खोकला? गव्हाची खीर? वरण? अंड्याचा किती तुकडा, किती मिनिटांनी, काय झाले?

भावजय कन्नडातून उत्तरे देत होती, भाऊ मराठीतून. बोलता बोलता तिच्याच लक्षात आले की बाळ तीन महिने दही-भात खात होते आणि एकदाही काही झाले नव्हते. डॉक्टर म्हणाल्या, "म्हणजे चाचणी तर बाळाने घरीच दिली होती आणि पासही झाला होता. तुम्ही कागदावरून त्याला नापास केलंत." मी मास्तरीण, मला ते वाक्य फारच लागले.

मग त्यांनी मोजकी त्वचा-चाचणी केली. अंड्याला सहा मिलिमीटरची गांधी उठली. त्याला झालेल्या त्रासाशी ती जुळत होती, म्हणून अंडे बंदच. दुधाला तीन, शेंगदाण्याला दोन. गहू, तूर, हरभरा, खोबरे हे पदार्थ बाळाने पूर्वी विनातक्रार खाल्ले होते आणि त्यांना गांधीही उठली नाही, म्हणून ते घरी थोडे थोडे सुरू करायला सांगितले. आईने स्वतःचे जेवण तोडायची गरज नव्हती, तिचे ताट त्याच दिवशी पूर्ण झाले. दूध मात्र त्यांनी घरी द्यायला सांगितले नाही. इसब असलेल्या बाळाचे एखादे अन्न काही महिने बंद ठेवले तर शरीराची त्या अन्नाशी असलेली सलगी तुटू शकते, आणि पुन्हा देताना खरोखरच अ‍ॅलर्जी उमटू शकते. हे ऐकून आम्ही गप्पच झालो. खबरदारी म्हणून जे केले त्यातच धोका होता.

म्हणून दूध, शेंगदाणा आणि तीळ यांची परीक्षा इस्पितळात झाली, वेगवेगळ्या दिवशी. अन्नाच्या अ‍ॅलर्जीत शेवटचा शब्द या परीक्षेचा मानला जातो. आधी अगदी थेंबभर, मग पंधरा-वीस मिनिटांनी थोडे अधिक, असे वाढवत वयाच्या मानाने पूर्ण वाटा होईपर्यंत, आणि त्यानंतर दोन तास देखरेख. बाजूला अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन तयार. दुधाच्या दिवशी भावजय पदर तोंडाला लावून बसली होती. बाळ शेवटची वाटी संपवून वाटीच चाटत बसले. शेंगदाण्याच्या आणि तिळाच्या दिवशीही काही झाले नाही. नऊ नावांपैकी खरे निघाले एक, अंडे. कोळंबीची परीक्षा डॉक्टरांनी मुद्दाम नंतर ठेवली. तोवर घरात कुणी तिच्यावाचून अडून बसलेले नव्हते.

शेंगदाण्याबद्दल आणखी थोडे सांगायला हवे, कारण आपल्या भागात शेंगा चटणीशिवाय भाकरी आणि जोळद रोट्टी दोन्ही अडतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली जोखमीच्या बाळांना तीन वर्षांपर्यंत शेंगदाणा देऊ नका असे सांगितले होते. २००८ साली तो सल्ला मागे घेतला. मग लंडनमध्ये गिडिऑन लॅक यांच्या गटाने चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळे घेतली, सगळी तीव्र इसबाची किंवा अंड्याच्या अ‍ॅलर्जीची. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना वर्ज्य केला. २०१५ साली निकाल आला. पाचव्या वर्षी वर्ज्य केलेल्यांत १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, खाणाऱ्यांत ३.२ टक्के. सुरुवातीला चाचणीत लहानशी गांधी उठलेल्या बाळांनाही खाण्याचा फायदाच झाला होता. ज्यांना मोठी गांधी उठली त्यांना मात्र या प्रयोगात घेतलेच नव्हते, हे विसरू नये. आणि अख्खा दाणा लहान मुलाच्या हाती कधीच नको, तो श्वासनलिकेत अडकतो. कूट करून पेजेत किंवा दह्यात कालवूनच द्यावा.

वाचकहो, हा लेख वाचून कुणी घरी रिपोर्ट फाडू नये. ज्या बाळाला एखाद्या पदार्थाने लगेच गांधी उठल्या, ओठ सुजले, त्याला तो पदार्थ घरी 'बघूया तरी' म्हणून पुन्हा देऊ नका. श्वासाला घरघर, आवाज बसणे, लागोपाठ उलट्या, बाळ गळून पडणे असे काही झाले तर क्षणाचाही विलंब न करता इस्पितळ गाठा. तिथे मांडीत दिले जाणारे अ‍ॅड्रेनालिनच जीव वाचवते, खाजेचे सिरप नव्हे. खरी अ‍ॅलर्जी जिवावर बेतू शकते, म्हणूनच खोटी बाजूला काढणे महत्त्वाचे.

चाचणीच्या आधी डॉक्टरांना चार प्रश्न विचारायला हरकत नाही. नेमक्या कोणत्या पदार्थाचा संशय आहे आणि का? पॉझिटिव्ह आले तर आपण काय करणार, निगेटिव्ह आले तर काय? एखादा पदार्थ बंद करायचा तर त्याच्या जागी काय द्यायचे? आणि पुन्हा कधी तपासायचे? दूध, अंडे, गहू यांच्या अ‍ॅलर्जीतून बहुतेक मुले वाढत्या वयात बाहेर पडतात. बंदीला मुदत हवी, ती जन्मठेप नव्हे. आणि एक वही ठेवा. काय खाल्ले, किती खाल्ले, किती वेळाने काय झाले. त्या वहीची दोन पाने छत्तीस पदार्थांच्या रिपोर्टपेक्षा डॉक्टरांच्या अधिक उपयोगाची असतात.

यंदाच्या संक्रांतीला अज्जी धारवाडहून आल्या होत्या. आमच्या आईने तिळगूळ केला होता, अज्जींनी एळ्ळु-बेल्ल आणले होते. दोन्हींत तीळ, दाणे आणि खोबरे. बाळ दीड वर्षाचे, वजन दहा किलोच्या वर. दोन्ही आज्यांनी आपापला खाऊ बारीक कुटून त्याला भरवला आणि कुणाचा आधी भरवायचा यावरून थोडे भांडणही झाले. अंडे अजून बंद आहे, उन्हाळ्यात पुन्हा तपासायचे आहे. अज्जी म्हणाल्या, "ते एक राहू दे बंद." आमची आई काही बोलली नाही. त्या दोघींमध्ये जे काय ठरायचे ते ठरू दे. निदान आता तो वाद बाळाच्या ताटातल्या एकाच पदार्थापुरता आहे.